दुसरा मनोरा

त्या महालाला मनोरा एकच आहे. डाव्या अंगाला, घड्याळाचा. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आणि लोक मला भिंतीवरचं कापड दाखवतात. भाचीच्या सासरी गेले तर त्यांच्या बैठकीत तेच चित्र, दाताच्या डॉक्टरकडे गेले तर त्याच्या खुर्चीच्या वर तेच. "मावशी, दोन आहेत की, हे काय." मग मी गप्प बसते, कारण तो दुसरा मनोरा मीच उभा केला आहे. ग्राफच्या कागदावर, लाल पेन्सिलीनं, एकेक चौकोन भरून. मला त्याचा राग येतो, अजून येतो, आणि कुणी म्हणालं की इतक्या जुन्या गोष्टीचा कसला राग, तर त्याचाही येतो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू, शाळेत मराठी, रस्त्यात समोर जो येईल त्याची भाषा. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. ते एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चादरीवर जे मोर, वेली आणि कमळं दिसतात ती आधी चौकोनांच्या कागदावर काढावी लागतात. लाल भरलेला चौकोन असेल तिथे दोरा वर उचलला जाणार, कोरा असेल तिथे खाली राहणार. त्या कागदावरून दुसरा माणूस पुठ्ठ्यांना भोकं पाडतो, पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जकार्ड यंत्राला चढते आणि खाली मोर उतरायला लागतो. एक चौकोन चुकला तर हजार चादरींवर मोराच्या डोळ्यात फूल पडतं. कारखान्यात सगळे उभे राहून काम करायचे. नायना मात्र खिडकीशी उंच स्टुलावर बसायचे. त्या स्टुलाला आमच्या गल्लीत फार मान होता.

मी मॅट्रिक झाले त्या सुमाराला नायनांची नजर जायला लागली. मोतीबिंदू नव्हता, मोतीबिंदू असता तर शिबिरात काढून टाकला असता. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजलाय, चष्म्यानं भागायचं नाही. नायनांनी ही गोष्ट बाहेर कळू दिली नाही. ते ग्राफचे कागद शर्टाच्या आत, पोटाशी गुंडाळून घरी आणायला लागले. मागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरायचं माझं रोजचं काम झालं की मी दारात उजेडाला बसून ते भरायचे. आधी नुसते चौकोन भरायचे, मग कडा काढायला लागले, मग सगळंच. कारखान्यात ते दिवसभर स्टुलावर बसून कागदावर वाकायचे आणि पेन्सिल हवेत फिरवायचे. दोन वर्षं त्या कारखान्यातून बाहेर पडलेला एकही नमुना त्यांच्या हातचा नव्हता.

मी हे फुकट करत नव्हते. म्हणजे मला तसं वाटत होतं. नायनांनी मला सांगितलं होतं, "मालकांशी बोलून ठेवलंय. एक मोठं काम पसंत पडू दे, मग सांगून टाकतो आणि माझ्या जागी तुला घेतात." बायकांना आमच्याकडे कांड्या भरायला, गाठी मारायला घ्यायचे. ग्राफला बाई कुणी पाहिली नव्हती. मला ते स्टूल हवं होतं. मला दुसरं काही नको होतं, आणि आज इतक्या वर्षांनी ते सांगायला मला संकोच वाटत नाही. माझ्या मैत्रिणींना नवरे हवे होते आणि मला एक लाकडी स्टूल हवं होतं.

ते मोठं काम आलं बहात्तरच्या दुष्काळात. दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुरता अंगावर आला होता. त्याच उन्हाळ्यात अक्कलकोटच्याही पुढे, राज्याच्या हद्दीच्या पलीकडे, एका जुन्या संस्थानच्या राजाचा महाल लोकांना बघायला खुला होणार होता. संस्थानचं नाव लिहीत नाही. राजधानीचं गाव वेगळं, आणि गावापासून कोसभरावर राजाची बाग व बागेतला महाल. सरकारनं राजेलोकांचे तनखे बंद केले होते, तेव्हा तिकीट लावून महाल दाखवायचा असं त्यांच्या कारभाऱ्यानं ठरवलं. आलेल्या माणसाला विकत नेता यावं म्हणून महालाचं चित्र विणलेलं, भिंतीवर लावायचं कापड हवं होतं. आमच्या मालकांनी ते काम अंगावर घेतलं आणि नायनांच्या हातात एक फोटो ठेवला. फोटो कुठल्याशा मासिकातून कापलेला. त्यात मधली कमान आणि महालाची डावी बाजू होती. उजवी बाजू कात्रीत गेली होती.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, उरलेला अर्धा फोटो आणा. आम्हाला ते सुचलंच नाही. उलट नायना खूश झाले. त्याचं कारण आमच्या धंद्यात आहे. आमच्या मागावरच्या जकार्डला अर्ध्याच रुंदीचा नकाशा पेलायचा. दोऱ्याच अशा बांधलेल्या असायच्या की डावीकडे मोर काढला की उजवीकडे तोच मोर उलटा, समोरासमोर, आपोआप उमटायचा. आम्ही जन्मभर अर्धंच काढत आलो होतो. अर्धा मोर, अर्धं कमळ, अर्धी कमान. नायना म्हणाले, "बघ, अर्धंच पाहिजे होतं आणि अर्धंच आलं." मलाही ते बरोबर वाटलं. राजाचा महाल म्हटल्यावर तो दोन्हीकडून सारखा असणारच. कमानीपासून डावीकडे खिडक्या, सज्जे आणि टोकाला घड्याळाचा मनोरा. मी महिनाभर डोळे फोडून त्या घड्याळाचे काटेसुद्धा भरले. माग सुरू झाला आणि दोन मनोऱ्यांचा महाल कापडावर उतरला. मालकांनी कापड उंच धरून पाहिलं आणि नायनांच्या पाठीवर थाप मारली. नायनांनी ती घेतली.

महाल खुला व्हायच्या दिवशी नमुना कारभाऱ्यांना दाखवायला न्यायचा होता. मालक त्यांच्या गाडीनं निघाले. गाडीत कापडाचं बासन ठेवलं, तेव्हा आम्हाला जागा राहिली नाही. नायनांनी मालकांना सांगितलं होतं की पोरीला महाल बघायचाय, म्हणून तिला आणतो. खरं म्हणजे नायनांना परक्या गावी एकट्यानं पायरी चढता आली नसती. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं निघालो.

वळसंग मागे पडलं तसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दिसायला लागली. बायकाच जास्त. दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेल्या, डोक्यावरून पदर, हातात हातोडी, शेजारी चिंध्यांवर निजवलेली पोरं. मैलच्या मैल तेच. कुठे हिरवं पान नाही, बाभळीसुद्धा वाळलेल्या. नायनांना ते दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हा टकटक आवाज कसला?" मी सांगितलं. ते "लई वाईट दिवस हायत" म्हणाले आणि खिशातून कंगवा काढून केस विंचरायला लागले. कारभाऱ्यांसमोर जायचं होतं ना.

राजधानीच्या गावात उतरून आम्ही बागेपर्यंत चालत गेलो. फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि मला खरोखर गरगरलं. हिरवळ. कातरलेल्या मेंदीच्या रांगा, गुलाबाचे वाफे, लाल कर्दळी, आणि मधोमध संगमरवरी कारंजं, चालू. पाणी माणसाच्या दुप्पट उंचीवर जाऊन खाली फुटत होतं. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला दोन दिवसांआड पाणी येत होतं आणि घागरींच्या रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. मी त्या कारंज्यापाशी उभी राहिले. नायना म्हणाले, "पाण्याचा वास येतोय." तोंडावर आलेले थेंब त्यांनी पुसले नाहीत.

तेवढ्यात मागच्या कुंपणाशी दोन बायका आल्या. खडीच्या कामावरच्याच असाव्यात, अंगभर पांढरी धूळ. त्यांच्या हातात कळशा होत्या. खाकी कपड्यातला एक म्हातारा पहारेकरी काठी घेऊन तिकडे धावला.

"हितं न्हाय. आज सायेब लोक येनार हायत. फाटकाम्होरं आड हाय, तितं जावा."

"आडाला पानी न्हाय की बाबा," त्यातली एक म्हणाली.

"मग म्या काय करू?"

बायका वाद न घालता वळून गेल्या, त्याचाच मला जास्त संताप आला. मी त्या पहारेकऱ्याला म्हटलं, एवढं पाणी हवेत उडतंय, दोन कळशांनी काय कमी होणार आहे? त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड सुकलेलं, दाढीचे खुंट पांढरे.

"बाई, तुमी एक दिस येनार आन् जानार. त्या दोगींना दिलं की उद्या पाचशे येत्यात. मग माजी भाकरी जाती. माजी सून बी खडीलाच हाय, तिलासुदिक म्या हितनं पानी देत न्हाय."

मला राग यायचा होता तो ह्या माणसावर नव्हे हे कळत होतं, पण ज्याच्यावर यायला हवा तो राजा काही कारंज्यापाशी उभा नव्हता. त्याचं एक तैलचित्र नंतर आत पाहिलं. मिशा पिळलेल्या आणि पाय मेलेल्या वाघावर.

मग आम्ही कर्दळीच्या वाफ्याला वळसा घालून महालासमोर आलो आणि मी महाल पहिल्यांदा पुरा पाहिला. मधली कमान ओळखीची. डावीकडच्या खिडक्या मी एकेक करून भरल्या होत्या, त्याही ओळखीच्या. टोकाला घड्याळाचा मनोरा. त्या घड्याळाचे काटे थांबलेले होते. आणि उजवीकडे काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण मनोरा नव्हता. कमानीच्या उजव्या हाताला महाल एकदम बसका होत गेला होता. बारीक जाळ्यांच्या खिडक्या, कौलारू छप्पर, उंच भिंतीआड एक चौक. ती राण्यांची बाजू होती. तिला मनोराही नाही आणि घड्याळही नाही.

"नायना," मी म्हटलं, "उजवीकडे मनोरा नाही."

"झाडामागं असंल."

"झाड नाही तिकडे. मनोराच नाही. उजवी बाजू सगळीच वेगळी आहे."

ते थोडा वेळ त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. त्यांना काय दिसलं असेल कुणास ठाऊक, एक पांढुरका ढीग दिसला असेल. मग त्यांनी विचारलं, "मालक आलेत का?"

"गाडी उभी आहे. आत गेलेत."

"मग गप बस."

मी त्यांना दहा वेळा सांगितलं की आपणच आधी बोलू. चूक आपली आहे, पण ती दुरुस्त होते. दोन जकार्ड जोडून पुरी रुंदी काढता येते, मी काढीन, पंधरा दिवस द्या म्हणू. ते माझा खांदा धरून पायऱ्या चढत राहिले. दारात चपला काढायला लावल्या. आत हंड्या-झुंबरं, वाघांची मुंडकी, कुठल्या तरी गव्हर्नराबरोबरचे शिकारीचे फोटो. भिंतीशी एक पडदा होता, नायनांनी चालता चालता त्याची कड बोटांत धरली आणि हळूच मला म्हणाले, "मिलचा हाय, हातमागाचा न्हाय." डोळे गेले होते तरी बोटं शाबूत होती. त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटलं होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

दरबाराच्या दालनात एका लांब टेबलावर आमचं कापड पसरलेलं होतं. एका बाजूला कारभारी, पांढरा बंद गळ्याचा कोट, हातात चष्मा. दुसऱ्या बाजूला आमचे मालक. आम्ही दारापाशी उभे राहिलो. कारभाऱ्यांनी कापडावरून हात फिरवला, पोत छान आहे म्हणाले, रंग छान आहेत म्हणाले. मग त्यांनी चष्मा लावला.

"हा दुसरा मनोरा कुठला?"

मालकांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी तोवर महालाकडे मान वर करून पाहिलंही नसावं. ते खिडकीशी गेले, बाहेर डोकावून परत आले आणि नायनांकडे बघायला लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नायना म्हणाले, "पोरीनं काढलंय मालक. माझी नजर गेलीया. ही चूक तिची हाय."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी चारचौघांत म्हणालं होतं की हे मी काढलंय. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा, अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत, मला आनंद झाला. मग पुढचं वाक्य कानात शिरलं. मोर, कमळं, वेली, देवळाचं शिखर, तो हत्तींचा काठ ज्याच्यासाठी मालकांनी नायनांना दिवाळीला धोतरजोडी दिली होती, ते सगळं त्यांचं. मनोरा तेवढा माझा.

तरी मी बोलले. म्हटलं, "साहेब, आम्हाला अर्धाच फोटो मिळाला होता. मी पुरी रुंदी काढून देते, पंधरा दिवसांत. उजवी बाजू आता पाहिली आहे, जाळ्यांसकट काढीन."

कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते कापड लांबून बघत होते, मग जवळून, मग पुन्हा लांबून. म्हणाले, "पण शोभतंय हो. खऱ्यापेक्षा भरदार दिसतंय. उजवी बाजू नाही तरी बसकीच आहे, जनान्याची. लोक काय मनोरे मोजायला येणार आहेत? राहू द्या असंच." आणि मालकांना म्हणाले, "ही मुलगी काय म्हणत होती?"

"काही नाही, लहान आहे," मालक म्हणाले. मी वीस वर्षांची होते.

मालकांचा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी हसत नायनांकडे वळून म्हटलं, "शेवटी जुना हात तो जुना हात." मला वाटलं, आता नायना सांगतील. आताच तर सांगितलं होतं त्यांनी, दोन मिनिटांपूर्वी, तेच पुन्हा म्हणायचं होतं. नायनांनी दोन्ही हात जोडले, मान तुकवली आणि म्हणाले, "आपली कृपा हाय."

चूक होती तोवर ती माझी होती. पसंत पडली आणि त्यांची झाली. हे इतक्या झटपट झालं की मालकांना त्यात काही खटकल्याचं दिसलंसुद्धा नाही.

परतीच्या एसटीत नायना खुशीत होते. मालकांनी आम्हा दोघांना बागेतल्या दुकानातून भजी घेऊन दिली होती, ती त्यांनी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. अक्कलकोट आलं. मग म्हटलं, "का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की."

"चूक सांगितलीत."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "अशा वेळी सांगून चालत न्हाय. मालकाचा मूड बघून सांगतो. काम पसंत पडलंय नव्हं, आता तुझी जागा पक्की." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. माझा मलाच सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, ते सोडून मी त्या एका वाक्यावर विश्वास ठेवला, कारण मला स्टूल हवं होतं.

कापड चाललं. महालापाशी चाललं, मग सोलापुरातल्या दुकानांतही चाललं. महाल कुठला हेही ठाऊक नसलेली माणसं तो भिंतीला लावायला लागली. पावसाळा आला, गेला. मी दर आठवड्याला विचारायचे आणि नायना म्हणायचे, मालक गावाला गेलेत, मालकाच्या घरी लग्न आहे, मालकाचं डोकं दुखतंय. कागद शर्टाच्या आतून येत होते आणि भरून शर्टाच्या आतून जात होते. अम्मा म्हणायची, "नको गं मागे लागू, त्यांचं मन दुखतं." माझ्या मनाचा विषय आमच्या घरात निघत नसे.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी केस विंचरले, धुतलेली साडी नेसले आणि सरळ कारखान्याच्या कचेरीत गेले. मालक एकटेच होते. आमच्यातलेच, घरचं बोलणं तेलुगूत. मी म्हटलं, "अण्णा, महालाचा ग्राफ माझा आहे. त्याच्या आधीचे दोन वर्षांचेही सगळे माझे आहेत. नायनांनी तुमच्याशी बोलणं केलं होतं, माझ्या जागेचं काय झालं?"

मालकांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. म्हणाले, "तुझे आहेत ते ठाऊक आहे मला. तुझे नायना पेन्सिल दाबून चौकोन भरायचे, कागद मागून उठायचा. दोन वर्षं झाली, कागद मागून सपाट येतोय. पुठ्ठे पाडणाऱ्यालाही ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग मला घेतलं का नाहीत?"

आता मात्र त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मला विचारलं कुणी? महालात ते तुझं नाव बोलून बसले, तेव्हा मला वाटलं आता तुझ्यासाठी विचारायला येतील. परत आल्यावर आठवड्यानं मीच विषय काढला. म्हटलं, पोरीला आण की इथे, उजेडाला बसून करील. तुझे नायना माझ्या पाया पडले गं. म्हणाले, तिला आणू नका. ती आली की मी सकाळी उठून कुठे जाऊ?"

बाहेर मागांचा धडधडाट चालू होता. माझ्यासाठी मालकांशी कुणी बोलणं केलंच नव्हतं. मालकाचा मूड, मालकाच्या घरचं लग्न, सगळं खोटं. मालकांनी विचारलेलं खरं, आणि तेच तेवढं मला सांगितलं नव्हतं. म्हातारपणी माणसाला सकाळी जायला जागा हवी असते, हे मला आता कळतं, तेव्हाही कळलं होतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं मला कधी आढळलेलं नाही.

मालक म्हणाले, "तू आज मागतेस तर उद्यापासून ये. पण तुझ्या घरचं तू बघ."

मी घरी काही बोलले नाही. सकाळी नायनांनी अंघोळ केली, टोपी घातली, अम्मानं त्यांचा डबा दिला. मी माझा डबा भरून घेतला आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडले. त्यांनी काही विचारलं नाही. भोंग्याच्या वेळेला त्या रस्त्यावर कामगारांचा लोंढा असायचा, त्याच्या पायांबरोबर ते बरोबर चालत जायचे. फाटकाशी वॉचमन बिडी ओढत उभा होता. नायना त्याच्यापुढे थांबले आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही आमची पोरगी. रस्त्याला गर्दी लई, म्हणून मला पोचवायला आलीया. जा गं आता घरी."

त्यांना कळलं होतं. मालकांनी निरोप पाठवला असेल, किंवा माझ्या हातातल्या दुसऱ्या डब्याचा आवाज त्यांनी ऐकला असेल.

मी म्हटलं, "नायना, आजपासून मी आत बसणार आहे. तुम्ही घरी जा."

आणि त्यांच्या शेजारून आत गेले. स्टूल मला उंच पडलं, पाय टेकत नव्हते. पुठ्ठे पाडणारा आला, माझ्यापुढे कोरा ग्राफ ठेवून गेला. खिडकीतून फाटक दिसत होतं. नायना फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, डबा मांडीवर. लोंढा आत गेला होता, रस्ता मोकळा झाला होता, आणि रिकाम्या रस्त्यानं एकट्याला घरी जाता येत नाही हे कुणाला सांगणं त्यांच्यानं झालं नसतं. अकराच्या सुमाराला कट्ट्यावर ऊन आलं. ते थोडे सरकले, मग ऊन तिथेही आलं. त्यांना घरी सोडून परत यायला मला पंधरा मिनिटं लागली असती. मी उठले नाही.

संध्याकाळी भोंगा झाल्यावर मी बाहेर आले. त्यांचा डबा तसाच भरलेला होता. त्यांनी माझा खांदा धरला आणि आम्ही चालायला लागलो. चौकापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "कसला नमुना होता?"

मी सांगितलं नाही.